बाबांनी माझा डबा ‘सिक’ केला

मागच्याच्या मागच्या दिवाळीत बाबांनी माझ्या टेबलावरचा निळा डबा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, डबा अगदी डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “हा कुठल्या यार्डातून आणलास? कुणी धुतला नाही का याला?”

मला आनंद झाला. तीन आठवडे खपून मी तो डबा मळवला होता आणि माझ्या मते ती मिळालेली सर्वांत मोठी दाद होती. बाबांनी डबा खाली ठेवला, बोटं धोतराला पुसावीत तशी लेंग्याला पुसली आणि म्हणाले, “छत्तीस वर्षं आम्ही हेच घासून काढत होतो. तू पैसे देऊन लावतेस.”

ते चिवडा घेऊन गच्चीवर निघून गेले. ती दाद नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

आधी हा छंद काय आहे ते सांगते. रेल्वेची छोटी मॉडेल्स जमवणारे लोक आपल्याकडेही आहेत. विकत आणलेला डबा खोक्यातून काढला की लख्ख असतो, सगळीकडे एकसारखा निळा आणि चाकंसुद्धा चकचकीत. खरा डबा असा फक्त कारखान्यातून बाहेर पडतो त्या दिवशी दिसतो. पुढे त्यावर धूळ बसते, पाण्याचे ओघळ येतात, गंज चढतो, खिडकीखाली पानाच्या पिचकाऱ्या पडतात. ते सगळं मॉडेलवर रंगाने आणायचं, याला वेदरिंग म्हणतात. आई सरळ ‘मळवणं’ म्हणते, आणि मला तोच शब्द आवडतो.

माझी मॉडेल्स १:८७ प्रमाणाची आहेत, ज्याला एचओ स्केल म्हणतात. आपला जुना आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो, तो या प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटर होतो. गंमत म्हणजे आपली ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरची. प्रमाणात ती सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी, पण बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोपातल्या स्टँडर्ड गेजवरून काढलेले आहेत. तेव्हा या छंदाची सुरुवातच तडजोडीने होते.

दुसरं एक गणित मला उशिरा समजलं. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या डब्यावरचे ८.७ सेंटिमीटर. ब्रशच्या टोकावरून गंजाच्या रंगाचा एवढासा ठिपका पडला, तर खऱ्या डब्यात हात जाईल एवढं भोक पडल्यासारखं दिसतं. मी तर त्या पहिल्या डब्यावर बर्न्ट सिएना मुक्तहस्ताने लावला होता. इंटरनेटवर जे फोटो पाहिले ते बहुतेक परदेशी मालगाड्यांचे, भंगारात निघालेल्या. जितका गंज जास्त तितकं काम भारी, असा माझा समज होता.

बाबा रेल्वेत कॅरेज-वॅगन खात्यात फिटर होते. आधी महूला मीटर गेजवर, मग इंदूरच्या पिट लाइनवर. रुळांच्या मधे लांब खड्डा असतो, गाडी वर उभी राहते आणि माणसं खाली उतरून डब्यांचं पोट तपासतात, ती पिट लाइन. रात्रपाळी करून ते सकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना एक वास असायचा. ग्रीस, ओलं लोखंड, आणि डब्यांच्या संडासातून खाली पडतं ते. बायोटॉयलेट येण्याआधीच्या काळातली ही गोष्ट आहे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.

शाळेत एकदा फॉर्म भरायचा होता. ‘वडिलांचा व्यवसाय’ या ओळीवर मी ‘रेल्वेत इंजिनिअर’ लिहिलं. मी सातवीत होते. त्या फॉर्मवर पालकांची सही लागते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बाबांनी तो वाचला, सही केली आणि परत दिला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. निवृत्त झाल्यावर ते रेल्वेविषयी जवळजवळ बोलेनासे झाले, आणि माझी समजूत अशी होती की त्यांना ते काम कधी आवडलंच नसावं.

तर ही अशी मी. तीस वर्षांची झाल्यावर त्यांच्याच डब्याचं खेळण्याएवढं रूप आणलं, त्यावर हौसेने घाण लावली आणि त्यांनी कौतुक करावं म्हणून वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पाहते तर डब्याला रबरबँड लावलेलं, आणि त्यात एक कागद खोचलेला. वर मोठ्या अक्षरात ‘सिक’. खाली बाबांच्या अक्षरात यादी:

१. एक्सल बॉक्सजवळ तेल फार. डॅश पॉट रिकामा असणार. गाडीला लावू नये.
२. खिडकीखाली गंज आहे, संडासाखाली नाही. उलटं पाहिजे.
३. छतावर एवढा गंज कुठून आला?
४. पीओएचची तारीख नाही. डबा कुणाचा समजायचा?

रेल्वेत एखाद्या डब्यात दोष सापडला की त्याला ‘सिक’ ठरवतात. तो गाडीतून काढून सिक लाइनवर नेतात, दुरुस्त झाला की ‘फिट’. माझा साडेचोवीस सेंटिमीटरचा डबा रीतसर सिक झाला होता. मी हसत हसत कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाबा चहा पीत होते. “हसण्यासारखं काय आहे?” ते म्हणाले. “असा डबा सोडला असता तर मेमो मिळाला असता मला.”

त्या सकाळी ते दीड तास बोलले. आई दोनदा डोकावून गेली.

ते म्हणाले, गंजाला कारण लागतं. तो वाटेल तिथे येत नाही. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर पडतं, ते आधी बघायचं. आयसीएफ डब्याच्या दोन्ही टोकांना संडास, तिथे दिवसरात्र ओल. म्हणून त्या खालची पट्टी, दाराच्या पायऱ्यांची जागा आणि तिथला तळ आधी सडतो. खिडक्यांच्या खाली गंज येतो, पण कोपऱ्यांतून, जिथे शटरच्या खाचेत पाणी साचतं तिथून. सपाट पत्र्याच्या मधोमध गंज आला असेल, तर तिथे आधी रंग खरवडला गेला असला पाहिजे.

पाण्याच्या टाक्या छतात असतात. भरताना त्या ओसंडतात आणि डब्याच्या टोकाच्या बाजूंना पांढुरके ओघळ सुकतात, क्षाराचे. मी ते लावलेच नव्हते. चाकांच्या आसपास, बोगीवर आणि तिच्या वरच्या पत्र्यावर तपकिरी पूड बसते. आयसीएफ डब्यात ब्रेक ब्लॉक थेट चाकावर आवळतो, दोन्ही झिजतात, ती पूड उडते. नवे लाल-करडे एलएचबी डबे घ्या. त्यांचे ब्रेक एक्सलवरच्या डिस्कला लागतात आणि कवच बहुतांशी स्टेनलेस स्टीलचं. त्यांच्या अंगावर जुन्या डब्यासारखे गंजाचे ओघळ रंगवले तर ते खोटंच दिसणार. धूळ मात्र दोघांना सारखीच.

मग एक्सल बॉक्सची गोष्ट निघाली. आयसीएफ बोगीत चाकांच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग असतात आणि स्प्रिंगच्या आत तेलाचे डॅश पॉट, झटके शोषायला. त्यातून तेल गळू लागलं की बाहेर काळा ओला डाग दिसतो आणि त्याला धूळ चिकटून थर होतो. मी बोगीच्या चारही कोपऱ्यांवर तसे चकचकीत काळे डाग दिले होते, फोटोत छान दिसावेत म्हणून.

“हे डाग आम्ही शोधायचो,” बाबा म्हणाले. “गाडी आत येताना बाजूला उभं राहून बघायचं आणि ऐकायचं. थांबली की एक्सल बॉक्सला हाताची मागची बाजू लावायची, गरम आहे का ते बघायला. नट सैल असेल तर त्याच्या भोवती लाल पूड येते. हलतो, घासतो, गंजतो. लोखंडात तडा असेल तर तिथून बारीक लाल रेघ येते. पण वर चिखल असेल तर ती रेघ दिसणार कशी? म्हणून धुवायचं. तुला वाटतं दिसायला छान पाहिजे म्हणून धुतात?”

मला तसंच वाटत होतं.

इतकी वर्षं वेगळ्या बादलीत भिजणाऱ्या त्या कपड्यांचा अर्थ मला त्या दीड तासात लागला. बाबा घाण काढत होते ती खालचं दिसावं म्हणून, आणि मी तीच घाण वरून लावत होते. पण त्यांच्या यादीतला एकही मुद्दा ‘मळवू नकोस’ असा नव्हता. चुकीचं मळवलंस, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी डबा सिक लाइनवर घेतला, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या एका टोकावर. पहिला गंज पुसून काढला. बॉडी बोगीपासून वेगळी केली, साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने धुतली, वाळवली. त्यावर मॅट व्हार्निशचा पातळ हात दिला. हा हात आवश्यक आहे, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर पातळ रंग थांबत नाही, थेंब होऊन गोळा होतो. मग काळ्या-तपकिरी ऑइल कलरमध्ये भरपूर व्हाइट स्पिरिट घालून अगदी पाण्यासारखा रंग केला. तो सगळ्या खाचांत, दाराच्या कडांत, खिडक्यांच्या चौकटीत भरला आणि दहा मिनिटांनी मऊ कापडाने वरून खाली पुसला. पुसताना हात आडवा न्यायचा नाही. पाणी आडवं वाहत नाही.

ओघळांसाठी ब्रशवर रंग जवळजवळ नसावा. एक बारीक रेघ काढायची आणि लगेच स्पिरिटने ओला केलेला दुसरा ब्रश तिच्यावरून खाली ओढायचा. रेघ विरत जाते आणि तळाशी संपते. धुळीसाठी मी कोरडे पेस्टल खडू सॅंडपेपरवर घासून पूड करते. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ सुकल्यावर करड्या रंगाची होते, तो रंग खोक्यातल्या एकाही खडूत नसतो. तीन खडू मिसळावे लागतात. शुद्ध काळा रंग मी आता वापरतच नाही, इतक्या छोट्या वस्तूवर तो भोकासारखा दिसतो.

छतावरचा गंज काढून टाकला. वरच्या तारांची लाइन असलेल्या मार्गावर छत काळपट-करडं होतं, त्यात व्हेंटिलेटरच्या मागे किंचित गडद. तेवढंच केलं.

बारीक सामान त्याच वेळी बसवलं. हाताच्या पकडीतल्या छोट्या ड्रिलने ०.४ मिलिमीटरची भोकं पाडून विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या तारेचे दांडे लावले. टोकाला ब्रेकच्या दोन पाइपांचे नळ्यांसारखे होज लावले. बाबांनी रंग सांगितला, एकाचा कॉक हिरवा, दुसऱ्याचा पांढरा. हिरवा ब्रेक पाइपचा, पांढरा फीड पाइपचा. “उलटे लावलेस तर पुन्हा सिक.” दोन डब्यांमधला जोडरस्ता काळ्या कागदाच्या घड्या घालून केला.

मग नंबर. आमच्या डब्यावर ९८ ने सुरू होणारा पाच आकडी नंबर होता. मला तो नुसता नंबर वाटायचा. बाबांनी सांगितलं की पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष, शेवटचे तीन प्रकार सांगतात. २०१ ते ४०० म्हणजे स्लीपर. “१९९८ चा डबा. पंचवीस वर्षं आयुष्य धर. २०२३ ला संपलं.” असं म्हणून ते थोडा वेळ गप्प बसले. चेन्नईच्या पेरांबूरच्या ज्या कारखान्यात हे डबे १९५५ पासून बनत होते, तिथून या जुन्या धाटणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. आता ते एकेक करून सेवेतून जात आहेत. मी ज्यांची नक्कल करत होते ते भंगारात चालले होते, आणि त्यांना ओळखणारा माणूस माझ्या समोर चहा पीत बसला होता.

पीओएच म्हणजे ठराविक मुदतीने कारखान्यात होणारी पूर्ण दुरुस्ती. ती झाल्यावर डब्याच्या टोकाला तारीख आणि परतीची तारीख रंगवतात. ती अक्षरं १:८७ मध्ये एक मिलिमीटरचीसुद्धा नसतात. मी ती छापून, पाण्याने चिकटणाऱ्या डेकल कागदावर घेतली. तारीख कुठली घालू, असं बाबांना विचारलं. “मळ बघून घाल,” ते म्हणाले. “एवढा मळलेला आहे म्हणजे पीओएच होऊन वर्ष झालं असेल. कालची तारीख आणि वर्षाचा मळ, असं कसं चालेल?”

हे वाक्य मी माझ्या कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

सगळं सरळ झालं असं नाही. शेवटचा व्हार्निशचा हात मी जुलैत दिला. गच्चीवर पाऊस थांबलेला होता, पण हवा दमट. स्प्रे मारला आणि वीस मिनिटांत आख्ख्या डब्यावर पांढरं धुकं आलं. दमट हवेत स्प्रे व्हार्निश असं पांढरं पडतं, कारण वाळताना हवेतलं बाष्प त्यात अडकतं. मी रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, “ओल्या डब्याला रंग देतात का कुणी? उन्हाची वाट बघ.” ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात पुन्हा एक हलका हात दिला तेव्हा बरंचसं धुकं गेलं. डाव्या बाजूच्या दोन खिडक्यांखाली ते अजून थोडं आहे. मी आता ते क्षाराचे डाग म्हणून दाखवते. बाबांना ठाऊक आहे, पण ते बोलत नाहीत.

डबा फिट झाल्यावर आम्ही कंटेनरकडे वळलो. आम्ही लोकमान्य नगरात राहतो, गच्चीवरून रुळांचा एक तुकडा दिसतो. राऊवरून टीहीच्या कंटेनर डेपोकडे जाणाऱ्या गाड्या तिथून जातात. बाबांची संध्याकाळची खुर्ची तिथेच असते. आता मीही वही घेऊन बसते. स्टेशनात किंवा रुळांजवळ जायची गरज नाही, आणि जाऊही नये. दुर्बीण आणि धीर पुरतो.

डबा एका देशात, बहुधा एकाच मार्गावर मळतो. कंटेनर जहाजावर, ट्रकवर आणि रेल्वेवर मळतो, म्हणून त्याचा मळ वाचायला जास्त मजा येते. वीस फुटी कंटेनर एचओमध्ये साधारण सात सेंटिमीटर लांब, चाळीस फुटी चौदा. पत्रा नागमोडी असतो. धूळ खोलगट भागात साचते आणि उंचवट्यांवरचा रंग घासला जातो. कंटेनरचं पोलाद कॉर्टेन जातीचं, त्यावर येणारा गंजाचा थर पुढचा गंज मंदावतो. तरी समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याचाही नाइलाज होतो. सगळ्यांत आधी मार खातात ते आठ कोपरे. तिथे ओतीव लोखंडाचे ठोकळे असतात, क्रेन त्यांनाच पकडते आणि वॅगनवरचे ट्विस्ट लॉकही त्यांनाच धरतात. म्हणून कोपऱ्यांवर रंग उडालेला, खालच्या कडेला ओरखडे. दाराच्या बिजागऱ्यांतून आणि कुलपाच्या दांड्यांवरून बारीक ओघळ. छताला पोचे आलेले असतात, त्यांत पाणी साचून गोल डाग पडतात. लोकांना कंटेनरचं छत दिसत नाही म्हणून ते बरेच जण रंगवतच नाहीत. मॉडेल मात्र आपण नेहमी वरूनच बघतो, तेव्हा छत चुकलं की सगळं चुकलं.

रंग उडालेला दाखवायला भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा फाडून घ्यायचा, त्याला गडद तपकिरी रंग लावायचा, तो कागदावर जवळजवळ सगळा टिपून टाकायचा आणि मग हलकेच कडांवर टेकवायचा. ब्रशने एवढे वेडेवाकडे ठिपके येत नाहीत, आपला हात नकळत नक्षी काढायला लागतो. डागडुजीचे चौकोन मी शेवटी रंगवते. जिथे पत्रा बदलला असेल तिथे निळ्या कंटेनरवर जरा वेगळा निळा.

कंटेनरच्या नंबराचंही शास्त्र आहे. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीत एक शेवटचा आकडा. हा शेवटचा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून हिशेबाने येतो. प्रत्येक अक्षराला एक किंमत असते, मग जागेप्रमाणे १, २, ४, ८ असं दुप्पट होत जाणाऱ्या संख्येने गुणायचं, बेरीज करायची आणि ११ ने भागून बाकी घ्यायची. नंबर लिहिण्यात चूक झाली तर ती यात पकडली जाते. एका खोक्यात सारख्या नंबराचे चार कंटेनर आले होते. एका गाडीत एकाच नंबराचे चार कसे असतील? मी तिघांचे नंबर बदलले आणि चौकटीतले आकडे बाबांनी कागद-पेन्सिल घेऊन काढले. तीन वेळा तपासले. त्यांची एकही चूक निघाली नाही. माझी एक निघाली.

तुमच्यापैकी कुणाला हे करून बघायचं असेल तर महागड्या डब्यावर सुरुवात करू नका. आधी एक स्वस्त प्लास्टिकचा कंटेनर घ्या, किंवा पुठ्ठ्याचा करा. दोन ऑइल कलर, एक मॅट व्हार्निश, पेस्टलची एक पेटी आणि जुना स्पंज एवढ्यावर भागतं. व्हाइट स्पिरिट आणि स्प्रे वापरताना खिडकी उघडी ठेवा. रंग लावण्याआधी एक आठवडा नुसतं बघा. आणि घरात किंवा शेजारी कुणी रेल्वेत, बंदरावर, ट्रान्सपोर्टमध्ये काम केलेलं असेल तर त्यांना काम दाखवा. वडोदरा, ग्वाल्हेर, बेळगाव, हुबळी, आपल्या या गावांत असे आजोबा-काका गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते फोटोत मिळत नाही.

आता बाबांच्या त्या डब्याविषयी शेवटचं.

तपासणी झालेल्या गाडीवर पूर्वी माणसं खडूने खुणा करायची, तारीख, एखादा बाण, कुणाची तरी सही. या वर्षी गणपतीत मी बाबांना म्हटलं की आपल्या डब्यावर तुम्ही खूण करा. पांढऱ्या पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून दिलं. त्यांनी डबा मांडीवर घेतला, भिंग लावलं, पण हात थरथरत होता. दोनदा प्रयत्न करून त्यांनी पेन्सिल मला दिली. “तूच लिही. आता तुझ्या नावाने सोड.”

मी लिहिलं, पण त्यांच्या नावाची अक्षरं लिहिली. तळाच्या पट्टीवर, दाराच्या उजव्या बाजूला, अर्ध्या मिलिमीटरची. भिंगाशिवाय ती दिसत नाहीत. बाबांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, “पदनाम लिहिलं नाहीस?”

मी म्हटलं, “काय लिहू?”

“जे होतं ते,” ते म्हणाले. “फिटर.”

मी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं.